कारण विचारणारे सूत्रधार

पत्त्यांचा किंवा कॅरमचा डाव ज्या घरात नेमाने मांडला जातो त्या घराचे स्वतःचे असे काही नियम असतात, आणि ते शेजारच्या घरात चालत नाहीत. मेंढीकोटात हुकूम केव्हा उघडावयाचा, कॅरमची राणी घेतल्यावर कव्हर कसे द्यावयाचे, गल्लीतल्या क्रिकेटात एक टप्पा झेल धरावयाचा की नाही, ह्यांवरून लहानपणी आपण जे तंटे केले त्यांची आठवण कोणाला नाही? पण त्या साऱ्या तंट्यांत दोन गोष्टी निर्विवाद होत्या. नियम डाव मांडण्यापूर्वी सांगावयाचा, ही पहिली. आणि हुकुमाने कापणाऱ्याला ‘तू का कापलेस, तुझ्या मनात तेव्हा काय होते’ असे कोणी विचारावयाचे नाही, ही दुसरी. ही दुसरी गोष्ट इतकी उघड होती की ती कोणी कधी बोलूनही दाखविली नाही. ती बोलून दाखविण्याची वेळ पन्नाशी उलटल्यावर माझ्यावर यावी, आणि तीही एका अमेरिकन खेळाच्या निमित्ताने, ह्याची मला गंमत वाटते. थोडी लाजही वाटते. कारण ज्यांच्याविरुद्ध हा लेख आहे त्यांच्यात काही वर्षांपूर्वीपर्यंत मी स्वतः होतो.

खेळ म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी चार शब्द सांगतो. टेबलाभोवती पाचसहा माणसे बसतात. एक जण डन्जन मास्टर होतो. आम्ही घरात त्याला सूत्रधार म्हणतो आणि हा शब्द मूळ शब्दापेक्षा चांगला आहे असे माझे मत आहे. सूत्रधार प्रसंग सांगतो, बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेऊन ‘मी दार ढकलतो’, ‘मी त्याच्याशी गोड बोलतो’ असे सांगतात, आणि ते साधले की नाही हे वीस पैलूंचा फासा ठरवितो. प्रत्येक पात्राला एक वर्ग असतो: योद्धा, चोर, पुरोहित, पोथ्या घोकून जादू शिकलेला विझर्ड, शपथ घेऊन लढणारा पॅलाडिन, कोणा अमानवी शक्तीशी करार करून सामर्थ्य मिळविणारा वॉरलॉक, वगैरे. अनुभव साठत गेला की पात्र एकेक पायरी वर चढते. एकंदर पायऱ्या २०. आता एखाद्या खेळाडूला वाटले की आपल्या योद्ध्याने पुढली पायरी योद्ध्याची न घेता विझर्डची घ्यावी, तर ते पात्र मिश्रवर्गी होते. इंग्रजीत ह्याला मल्टिक्लास म्हणतात. सारा वाद ह्या एका पायरीवरून आहे.

घरोघर ह्या बाबतीत जे नियम केले जातात ते दोन जातींचे. काही सूत्रधार मिश्रवर्गाला साफ बंदी घालतात. त्यांच्याशी माझे भांडण नाही. २०१४ सालच्या पुस्तकाने ही सोय ऐच्छिक ठेवली होती, आणि बंद दार हे निदान सर्वांना सारखेच बंद असते. माझे भांडण दुसऱ्या जातीशी आहे. हे सूत्रधार उदार असतात. ते म्हणतात, ‘घ्या की दुसरा वर्ग, पण कथेत त्याचे कारण दाखवा. तुमच्या योद्ध्याला जादू कोणी शिकविली? गुरू कोठे भेटला? पोथी कोठून आली? मला पटले तर परवानगी देईन.’ ऐकावयास हे किती सुसंस्कृत वाटते! जणू सूत्रधार कलेचा कैवारी आहे, आणि खेळाडू हा फायद्याच्या आशेने आलेला दलाल. ह्या नियमाइतका अन्यायकारक घरगुती नियम दुसरा नाही, असे मला म्हणावयाचे आहे.

मुळात वर्ग म्हणजे काय, ह्याविषयीच ह्या मंडळींची समजूत चुकीची आहे. वर्ग हा पात्राचा व्यवसाय नव्हे, कुळ नव्हे, स्वभावही नव्हे. तो नियमांच्या सोयीसाठी बांधलेला गुणांचा एक जुडगा आहे. राजाच्या पदरी असलेला हेर कागदावर पुरोहित असू शकतो आणि देवळातला पुजारी कागदावर चोर असू शकतो. आणि जादू शिकलेला योद्धा हवा असेल तर त्यासाठी मिश्रवर्गाची गरजसुद्धा नाही. २०१४ च्याच पुस्तकात योद्ध्याला तिसऱ्या पायरीवर ‘एल्ड्रिच नाइट’ नावाची शाखा घेता येते. ती घेतली की तोच योद्धा विझर्डचे मंत्र म्हणू लागतो. त्या वेळी त्याला गुरू कोठे भेटला असे कोणताही सूत्रधार विचारीत नाही. चोर त्याच पायरीवर ‘आर्केन ट्रिक्स्टर’ होतो, तेव्हाही कोणी विचारीत नाही. वस्तू तीच, फक्त कागदावर दुसऱ्या वर्गाचे नाव लिहिले की चौकशी सुरू! म्हणजे आक्षेप जादूला नाही, शिकण्यालाही नाही. आक्षेप नावाच्या सरमिसळीला आहे. हा आक्षेप आपल्या वाचकांनी पूर्वी कोठेतरी ऐकला असेल.

तो ऐकल्यासारखा वाटतो ह्यालाही इतिहास आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्यांचा मूळ खेळ १९७४ साली निघाला तेव्हा वर्ग तीनच होते: लढणारा, जादू वापरणारा आणि पुरोहित. चोर पुढल्या वर्षी ‘ग्रेहॉक’ ह्या पुरवणीत आला. पहिल्या तीन पुस्तकांत एल्फ जातीच्या पात्राला दोन वर्गांत ये-जा करण्याची मुभा होती. एका मोहिमेत लढणारा, दुसरीत जादूवाला. माणसाला ती नव्हती. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये हा भेद पक्का झाला. एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग इत्यादी जातींना दोन-दोन, काही जातींना तीन-तीन वर्ग एकदम चालविता येत, आणि मिळालेला अनुभव त्या वर्गांत सारखा वाटला जाई. मात्र बहुतेक वर्गांत त्यांना वर मर्यादा होती. एल्फ कितीही बलवान असला तरी योद्धा म्हणून सातव्या पायरीपुढे जात नसे, आणि कितीही बुद्धिमान असला तरी जादूत अकराव्या पायरीपुढे जात नसे. माणसाला मर्यादा नाही, पण एका वेळी वर्ग एकच. त्याला वर्ग बदलावयाचाच असेल तर जुन्या वर्गाच्या मुख्य गुणात १५ आणि नव्याच्या मुख्य गुणात १७ पाहिजेत. बदलल्यावर मागे फिरणे नाही. आणि नव्या वर्गात जुन्यापेक्षा वरची पायरी गाठीपर्यंत जर त्याने जुनी विद्या वापरली, तर त्या मोहिमेचा सारा अनुभव व्यर्थ.

हा शेवटचा नियम मी प्रथम वाचला तेव्हा मला विश्वामित्र आठवला. राज्य सोडून तपाला बसलेला हा क्षत्रिय रागावला, त्याने कोणाला शाप दिला, की त्याचे साठलेले तप खर्ची पडे आणि बिचारा पुन्हा पहिल्यापासून आरंभ करी. लेक जिनीव्हाच्या गायगॅक्सने रामायणाचे बालकांड वाचले असेल असे मला वाटत नाही. परंतु वर्गाची सीमा राखावयाची असे एकदा ठरविले की जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात माणसाला एकाच तऱ्हेचे दंड सुचतात, हे मात्र खरे.

ते असो. मला दाखवावयाचे आहे ते हे की, ह्या बंधनांमागे कथेचा आग्रह मुळीच नव्हता. गायगॅक्सला माणसांचे वर्चस्व असलेले जग हवे होते आणि १९७९ च्या सूत्रधारांच्या पुस्तकात त्याने ते मोकळेपणाने मांडले. एल्फ आणि ड्वार्फ ह्यांना इतर शक्ती जन्मतःच असल्यामुळे त्यांना वर मर्यादा घातली नाही तर माणूस कोण खेळेल, हा त्याचा हिशेब. हिशेब चुकीचा असेल, जन्मावरून पायऱ्या ठरविणे आज कोणाला रुचणार नाही. २००० साली त्या मर्यादा गेल्याच. पण तो हिशेब होता आणि कोष्टकात छापलेला होता. १९७८ मध्ये बार्ड होणे म्हणजे केवढी यातायात! आधी योद्धा म्हणून निदान पाच पायऱ्या, मग चोर म्हणून आणखी तितक्याच, मग ड्रुइडांच्या हाताखाली, तेव्हा कोठे शाहिरी हाती लागावयाची. तरीही त्या उमेदवाराला कोणी ‘तुझ्या मनात गाणे का आले’ असे विचारीत नव्हते. पायऱ्या चढला, झाला.

कथेचाच दाखला हवा असेल तर तोही पाहू. त्याच १९७९ च्या पुस्तकात गायगॅक्सने ज्या लेखकांपासून आपल्याला स्फूर्ती मिळाली त्यांची यादी दिली आहे. त्यात टोल्किन आहे, हॉवर्ड आहे, लायबर आहे, मूरकॉक आहे. टोल्किनचा गँडाल्फ जादूगार असून तलवार चालवितो. १९७८ च्या नियमाने त्याच्या हातात काठी, खंजीर किंवा फेकावयाचा छोटा बाण ह्यांपलीकडे काही देता येत नव्हते. लायबरचा ग्रे माउसर जादूगाराची उमेदवारी करून पुढे चोर झाला. मूरकॉकचा एल्रिक तर मंत्रही म्हणतो आणि तलवारही चालवितो. हॉवर्डचा कोनन चोर होता, चाचा होता, भाडोत्री शिपाई होता, शेवटी राजा झाला. ज्या कथांतून हा खेळ जन्मला त्या कथांतला एकही मोठा नायक एका वर्गात मावत नाही. तेव्हा कथेच्या नावाने मिश्रवर्गाला अडविणाऱ्यांनी आधी त्या कथा वाचाव्यात, एवढीच त्यांना नम्र विनंती.

मग मिश्रवर्गात धोका काहीच नाही काय? आहे. पण तो दुसऱ्याच ठिकाणी आहे, आणि सूत्रधार कथेचे कारण तपाशीत बसला की तो त्याच्या पाठीमागून आत शिरतो. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने सर्व जातींना मिश्रवर्ग मोकळा केला आणि वाटेल त्या पायरीवर वाटेल तो वर्ग घ्या असे सांगितले. दोन वर्गांच्या पायऱ्यांत एकाहून अधिक अंतर पडले तर अनुभवात २० टक्के कपात, असा दंड ठेवला. आपापल्या जातीच्या आवडत्या वर्गाला त्यातून सूट. पण खरी गोम कपातीत नव्हती. त्या आवृत्तीत रेंजर ह्या वर्गाला पहिल्याच पायरीवर दोन हातांनी दोन शस्त्रे चालविण्याची विद्या फुकट मिळे. झाले! ज्याला त्याला एक पायरी रेंजरची हवी. २००३ मध्ये सुधारलेली आवृत्ती निघाली तेव्हा ती विद्या पुढल्या पायरीवर ढकलण्यात आली आणि रेंजरचे वेड ओसरले. एका ओळीची दुरुस्ती! वर्गाचा सारा ऐवज दारातच मांडून ठेवला तर लोक दारातूनच उचलून नेणार, ह्यात लोकांच्या नीतीचा प्रश्न कोठे येतो?

२०१४ च्या आवृत्तीत हा हिशेब अधिक नीट झाला, आणि तो समजून घेतल्याशिवाय कोणी घरगुती नियम करू नये असे मी म्हणेन. दोन्ही वर्गांच्या मुख्य गुणांत निदान १३ हवेत. शिवाय मिश्रणाची किंमत प्रत्येक पायरीवर आपोआप वसूल होते. योद्ध्याला पाचव्या पायरीवर एका फेरीत दोनदा वार करता येतो. विझर्डला पाचव्या पायरीवर तिसऱ्या प्रतीचे मंत्र मिळतात आणि त्यांत आठ फाशांचा तो प्रसिद्ध अग्निगोल असतो. आता चार पायऱ्या योद्ध्याच्या आणि एक विझर्डची असे पाचव्या पायरीचे पात्र पाहा. त्याला दुसरा वार नाही आणि अग्निगोलही नाही. गुण वाढविण्याची संधीदेखील पात्राच्या एकूण पायरीवर मिळत नाही. प्रत्येक वर्गाच्या चौथ्या, आठव्या अशा पायरीवर मिळते. म्हणून तीन अधिक तीन अशा सहा पायऱ्या चढलेल्याला एकही वाढ मिळालेली नसते, आणि शेजारी बसलेला एकवर्गी योद्धा तोवर दोन घेऊन बसलेला असतो. सारांश, बहुतेक मिश्रणे बलवान नसतात; दुबळी असतात. सूत्रधारांना ज्यांची भीती वाटते ती मिश्रणे मोजकी आहेत, आणि ती सर्व एकाच तऱ्हेने घडतात: एका वर्गाची दारातली वस्तू दुसऱ्या वर्गाच्या यंत्रात नेमकी बसते.

उदाहरणे द्यावयाची तर दोन पुरेत. पॅलाडिनला लढण्यासाठी शक्ती लागते आणि त्याच्या दैवी गुणांसाठी व्यक्तिमत्त्व लागते. दोन्हीकडे गुण वाटावे लागतात, ही त्याची मर्यादा आणि तोच त्याचा तोल. २०१७ च्या ‘झॅनाथर्स गाइड’मध्ये वॉरलॉकची हेक्सब्लेड नावाची शाखा आली, तिच्या पहिल्याच पायरीवर व्यक्तिमत्त्वाच्या जोरावर तलवार मारता येते. एक पायरी घेतली की पॅलाडिनची मर्यादा संपली. शिवाय पॅलाडिन मंत्रांचा साठा खर्चून घणाघाती वार करतो, वॉरलॉकचा साठा तासाभराच्या विश्रांतीने भरतो, आणि नियम एकाचा साठा दुसऱ्याला वापरू देतो. दुसरे उदाहरण सॉर्सरर आणि वॉरलॉक ह्यांच्या मिश्रणाचे. वॉरलॉकचा तासाभरात भरणारा साठा मोडून सॉर्सररचा साठा करावयाचा, पुन्हा तासभर टेकावयाचे, पुन्हा मोडावयाचा, आणि रात्रभर झोपावयाचेच नाही. ह्या जागरणावरून त्या पात्राला कॉफीचे नाव पडले. ह्यावर इलाज कोणता निघाला? न झोपणाऱ्याला थकवा येतो, असा नियम त्याच २०१७ च्या पुस्तकात आला. त्याच्या जीवनकथेची चौकशी कोणी केली नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट. २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याला आमच्या घरी पाच जणांचा डाव चालू होता आणि सूत्रधार मी होतो. कारणाचा नियम माझाच. त्याचा मला अभिमान होता. आमच्यात एक मुलगी होती. तिची योद्धा पाच पायऱ्या चढलेली, बुद्धी १४. तिने सहावी पायरी विझर्डची मागितली. मी माझ्या रिवाजाप्रमाणे विचारले, ‘कारण काय?’ ती म्हणाली, ‘मागच्या खेपेस त्या तळघरात दारावरचे लिहिलेले मला वाचता आले नाही, म्हणून शिकायचंय.’ मी म्हणालो, एवढ्याने भागणार नाही. गुरू शोध, तीन बैठकी त्याच्याकडे घालव, मग पाहू. त्याच महिन्यात दुसऱ्या एका खेळाडूने आपल्या पॅलाडिनसाठी हेक्सब्लेडची पायरी मागितली. त्याने इंग्रजीत दोन पाने लिहून आणली होती. मृत बहीण, सरोवराच्या तळाशी असलेली तलवार, मध्यरात्री ऐकू आलेला आवाज! मी ती पाने सर्वांना वाचून दाखविली आणि तेथल्या तेथे परवानगी दिली.

पुढे काय झाले ते वाचकांच्या ध्यानात आले असेलच. दोन महिन्यांत लढाई म्हणजे त्या पॅलाडिनची लढाई आणि इतरांनी फासे हातात खेळवीत बसावयाचे, अशी स्थिती झाली. जिला मी अडविले होते तिचे मिश्रण मात्र असे होते की त्याने कोणाच्या केसालाही धक्का लागला नसता. उलट तिचेच नुकसान झाले असते, कारण योद्ध्याला सहाव्या पायरीवर मिळणारी जादा गुणवाढ ती सोडीत होती. तिने ते जाणून मागितले होते. म्हणजे माझ्या नियमाने नेमके उलटे काम केले. धोक्याचे ते आत घेतले आणि निरुपद्रवी ते बाहेर ठेवले. हे योगायोगाने झाले नाही. ज्याला फायदा हवा असतो तो कारण लिहून आणतो. त्याला कारण लिहिण्याची निकड असते. ज्याला केवळ हौस असते तो एका वाक्यात खरे सांगतो, आणि सूत्रधाराला ते वाक्य अपुरे वाटते.

ह्यात आणखी एक गोष्ट होती आणि ती कबूल करावयास मला वेळ लागला. आम्ही बोलत होतो मराठीत, पण डावातल्या ‘कथा’ इंग्रजीत सांगण्याचा आमच्याकडे प्रघात पडला होता, कारण पुस्तके इंग्रजीत. ती मुलगी मराठी शाळेतून आलेली. हिशेब तिचा आमच्या सर्वांहून चोख होता. कोणत्या पायरीवर काय मिळते हे तिला पुस्तक न उघडता सांगता येई. पण सरोवराच्या तळाशी असलेली तलवार तिला इंग्रजीत मांडता आली नसती आणि मी तर तेच मागत होतो. कोष्टकापुढे ती आणि तो पॅलाडिनवाला सारखे होते. माझ्या पसंतीपुढे सारखे नव्हते. तीन बैठकी तिने गुरू शोधला. चौथ्या बैठकीला ती आली नाही. फोनवर म्हणाली, ‘काका, रविवारी क्लास असतो.’ रविवारी संध्याकाळी कसला क्लास असतो हे मी विचारले नाही. एरवी कारणे विचारण्यात मी एवढा तत्पर, पण ते एक कारण मी विचारले नाही.

माझे सूत्रधार मित्र ह्यावर म्हणतील, तुमचे ते एक उदाहरण, निवाडा करण्यात तुमची चूक झाली, नियमाची नव्हे. मी म्हणतो, जो नियम चांगल्या हेतूच्या माणसाला अशी चूक करावयास लावतो तो नियमच वाईट. दुसरे म्हणतील, कथेचे काय? खेळ म्हणजे नुसती बेरीज-वजाबाकी काय? कथा हवीच. पण ती परवान्याची किंमत म्हणून मागितली की ती कथा उरत नाही, अर्ज होतो. आमच्याच घरी एका गृहस्थाने आपल्या पुरोहिताला एक पायरी चोराची दिली, कारण आमच्यात कुलूप उघडणारे कोणी नव्हते. बस, एवढेच कारण. तीन-चार महिन्यांनी एका बंदरातल्या प्रसंगात तो सहज बोलून गेला की देवळात येण्यापूर्वी आपण ह्याच धक्क्यावर खिसे कापीत होतो. कोणी मागितले नसताना ते आले, म्हणून सारे ऐकत राहिले. चहा घेताना कुतूहलाने अवश्य विचारावे. परवानगी त्यावर टांगू नये.

उलट बाजूची मंडळी, म्हणजे काहीच नियम नको म्हणणारी, मला तितकीच अमान्य आहेत. २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’ ह्या संगणकावरच्या खेळातून पुष्कळ तरुण मंडळी आता टेबलाकडे येत आहेत. तेथे १३ गुणांची अट नाही, आणि मिश्रण फसले तर १०० मोहरा देऊन पात्र पुन्हा पहिल्यापासून बांधता येते. एकट्याने खेळावयाच्या खेळात हे शोभते. टेबलावर पाच जणांचा रविवार असतो. एकाच्या पात्राने दर लढाई पहिल्या फेरीत संपविली तर चौघांचा रविवार फुकट जातो. तेव्हा नियम हवाच, पण तो आकड्यांचा हवा, पहिल्या बैठकीपूर्वी कागदावर लिहिलेला हवा आणि सर्वांना एकच हवा.

आमच्या घरी आता जे आहे ते असे. दुसऱ्या वर्गाची पायरी कोणीही, कारण न सांगता, घ्यावी. १३ ची अट कायम. दुसऱ्या वर्गामुळे एका गुणाऐवजी दुसऱ्या गुणावर वार करण्याची सवलत मिळत असेल, तर ती त्या वर्गाच्या तिसऱ्या पायरीपासून लागू. २०२४ च्या नव्या पुस्तकात सर्व वर्गांच्या शाखा तिसऱ्या पायरीवर नेल्या आहेत आणि पॅलाडिनच्या घणाघातालाही लगाम घातला आहे. पण वॉरलॉकला व्यक्तिमत्त्वाच्या जोरावर शस्त्र चालविण्याची सोय पहिल्याच पायरीवर राहिली आहे, म्हणून आमचा हा नियम आम्ही काढलेला नाही. आणि दुबळ्या मिश्रणांना हात देण्यासाठी गुणवाढ पात्राच्या एकूण पायरीवर, म्हणजे चौथ्या, आठव्या, बाराव्या अशी. योद्ध्याच्या सहाव्या आणि चौदाव्या पायरीची व चोराच्या दहाव्या पायरीची जादा वाढ मात्र त्या त्या वर्गाचीच. जेथे खेळाडू दोनच आहेत तेथे तर मी ह्याही पुढे जाईन. तिसऱ्या आवृत्तीच्या काळात, २००४ च्या ‘अनअर्थ्ड आर्काना’त, दोन वर्ग जोडीने चालवून प्रत्येक पायरीवर दोहोंतले जे सरस ते घेण्याची गेस्टाल्ट नावाची पद्धत छापली गेली होती. नवराबायकोच्या डावाला ती उत्तम.

पॅलाडिनवाला खेळाडू अजून आमच्याकडे येतो आणि चांगला खेळतो. दुसरा नियम त्याला त्याच्यावरचा रोख वाटतो, आणि त्यात त्याचे अगदीच चूक आहे असे नाही. कार्तिकात नवा डाव मांडावयाचा आहे. त्या मुलीलाही निरोप धाडला आहे, मराठीत. अजून उत्तर आलेले नाही. पहिल्या बैठकीला फासे बाहेर काढण्यापूर्वी हे नियम मतास टाकावयाचे ठरले आहे, आणि तिसऱ्या पायरीच्या अटीला निदान दोघांचा विरोध आहे, हे मला आजच ठाऊक आहे.